सहा बाय चारच्या टेबलावर बोरघाट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात टू बीएचके, लहान बेडरूममध्ये सहा बाय चार फुटांचं प्लायवूडचं टेबल. त्यावर एचओ स्केलच्या मॉडेल रेल्वेत कर्जत–लोणावळा घाट, म्हणजे बोरघाट करायचा आहे. दुहेरी लाइन, दोन बोगदे आणि बारा डब्यांची डेक्कन क्वीन हवी. सेटबरोबर आलेले ४३८ मिलिमीटर त्रिज्येचे कर्व्ह लावून गोल पूर्ण केलात, पण डबे कर्व्हवर उतरतात आणि इंजिन अधूनमधून जागच्या जागी थांबतं. आणि शेवटी विचारलंय, की डोंगर, झाडं, कातळ खरे वाटतील असे कसे करायचे.

मी वीसेक वर्षं हेच करतोय. तिसऱ्या लेआउटवर, म्हणजे रूळ-डोंगरांच्या मांडणीवर, आता आठवं वर्ष चालू आहे. डोंगरावर मनापासून लिहिणार आहे, पण त्याआधी गाडीच्या लांबीचा हिशेब मांडू द्या. तुमची अडचण तिथे सुरू होते आणि रंगाने ती झाकता येत नाही.

एचओ म्हणजे १:८७. आपला आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या कोच फॅक्टरीच्या जुन्या धाटणीचा, निळा डबा २१.३ मीटर लांब, म्हणजे एचओमध्ये २४५ मिलिमीटर. डेक्कन क्वीनला आता एलएचबी, म्हणजे नव्या जर्मन धाटणीचे डबे आहेत, ते २३.५ मीटरचे, म्हणजे २७० मिलिमीटर. असे बारा डबे आणि एक इंजिन मिळून साडेतीन मीटर, साडेअकरा फूट. तुमच्या टेबलावरचा पूर्ण गोल साधारण साडेचौदा फुटांचा भरतो. इंजिन शेवटच्या डब्याच्या मागोमाग पळताना दिसेल. ती गाडी घाट चढत्येय असं कोणालाच वाटणार नाही, तुम्हालाही नाही.

आता कर्व्ह. लांब डबा कर्व्हवर उभा असतो तेव्हा त्याची चाकं रुळावर असतात, पण मधला भाग आत सरकतो आणि टोकं बाहेर जातात. ४३८ मिलिमीटरच्या कर्व्हवर आयसीएफ डब्याचा मध्य आठ मिलिमीटर आत जातो आणि टोकं जवळजवळ नऊ मिलिमीटर बाहेर. डब्याची रुंदी सदतीस मिलिमीटर असताना हे फार झालं. कपलर, म्हणजे दोन डबे जोडणारा हुक, डब्याच्या बॉडीला जोडलेला असेल, तर बाहेर गेलेलं टोक शेजारच्या डब्याला आडवं ढकलतं आणि चाकाची कड रुळावर चढते. तुमचे डबे बहुतेक याच कारणाने उतरतात. तीच गाडी ७५० मिलिमीटरच्या कर्व्हवर घातली की हे आकडे पाचच्या आसपास येतात. मी पाळतो तो हिशेब सोपा आहे: सर्वात लांब डब्याच्या तिप्पट त्रिज्या असेल तर गाडी छान दिसते, अडीचपटीवर चालते, दुपटीच्या खाली रोज कटकट. चार फूट रुंदीच्या टेबलावर कडेला थोडी जागा सोडली तर जास्तीत जास्त ५६० मिलिमीटरचा कर्व्ह बसतो. तुम्ही दुपटीच्या किंचित वर राहाल, एवढंच.

मग करायचं काय? हे तुमच्या घरावर आणि तुम्हाला नेमकं काय बघायला आवडतं यावर आहे. गाडी अखंड गोल फिरताना बघत चहा प्यायचा असेल आणि टेबल बदलायचंच नसेल, तर एन स्केलचा विचार करा. १:१६० मध्ये आयसीएफ डबा १३३ मिलिमीटरचा होतो, ४०० मिलिमीटरचा कर्व्ह तुमच्या टेबलावर आरामात बसतो आणि बारा एलएचबी डबे पावणेदोन मीटरच्या आसपास मावतात. अडचण अशी, की एनमध्ये भारतीय डबे आणि इंजिनं सहज मिळत नाहीत. बॉडी थ्रीडी प्रिंट करून घ्यायची, जपानी किंवा युरोपियन चेसिसवर बसवायची आणि रंग स्वतः द्यायचा, एवढी तयारी लागते. हात बारीक कामाला बसलेला असेल तरच त्या वाटेला जा.

पण तुम्ही एचओचा सेट आधीच घेतलाय आणि तुमच्या प्रश्नात घाटाची ओढ जास्त दिसते. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर टेबल काढून टाकलं असतं आणि भिंत धरली असती. दीड फूट खोल फळी, एका भिंतीला अकरा फूट, दुसऱ्या भिंतीला सात फूट, कोपऱ्यात ७५० मिलिमीटरचा एकच कर्व्ह. फळीखाली पलंग राहतो, कपाट राहतं, घरातल्यांची तक्रार राहत नाही. दोन्ही टोकांना डोंगराआड गाड्या उभ्या करायला साईडिंग. गाडी एका बोगद्यातून येते, दृश्य ओलांडते, दुसऱ्या बोगद्यात जाते. डबे पाच-सहाच ठेवा. बाकीचे अजून बोगद्यात आहेत असं बघणाऱ्याचं मन आपोआप धरून चालतं.

यातच दुसरा निर्णय दडलेला आहे: घाटाचा कोणता तुकडा? अख्खा कर्जत–लोणावळा कुठल्याच घरात मावत नाही. मी मंकी हिलच्या अलीकडची एक जागा निवडली, बोगद्याचं तोंड आणि त्यापुढची कॅच साईडिंग. लोणावळ्याकडून उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले, तर ती मुख्य लाइनवर सुसाट न जाता डोंगरात चढत जाणाऱ्या या साईडिंगमध्ये शिरावी आणि थांबावी, अशी ती सोय. पॉइंट, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा, एरवी साईडिंगकडेच लागलेला असतो. गाडी आधी थांबते, ताब्यात आहे हे सिद्ध होतं, मग पॉइंट फिरतो आणि सिग्नल मिळतो. माझ्या फळीवर प्रत्येक उतरणारी गाडी अशी थांबते, मी मनात वीसपर्यंत मोजतो, मग पॉइंट टाकतो. मुलगी लहान असताना ती मोठ्याने मोजायची. गोल फिरणाऱ्या गाडीचा कंटाळा महिनाभरात येतो. या थांबण्याचा मला आठ वर्षांत आलेला नाही.

जुन्या काळाची आवड असेल तर आणखी एक कल्पना देतो. १८६३ मध्ये घाट सुरू झाला तेव्हा त्यात रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी एका दिशेने चढत यायची, तिथे दिशा बदलायची आणि उलट दिशेने पुढे चढायची. भिंतीवरच्या फळीसाठी इतकी सोयीची मांडणी शोधून सापडणार नाही, कारण तिला वळायला जागाच लागत नाही. इंजिनं मात्र वाफेची हवीत आणि तीही स्वतः घडवावी लागतील.

आता चढ. खऱ्या बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के. एचओमध्ये एवढ्या चढावर साधं इंजिन पाच-सहा डबे घेऊन घसरायला लागतं आणि अकरा फुटांत रूळ नऊ सेंटिमीटर वर न्यावा लागतो. मी ८० ला १ ठेवलाय. माझ्याकडे येणाऱ्यांना तो खऱ्यापेक्षा तीव्र वाटतो, कारण मागच्या कातळाचे थर मी काटेकोर आडवे ठेवलेत. सह्याद्री लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे, त्याच्या रेषा पट्टीने ओढल्यासारख्या सरळ. त्या रेषांना छेदत रूळ तिरका गेला की डोळा लगेच चढ वाचतो. शिवाय फळी रुळाच्या पातळीला ठेवू नका. लाकडी चौकट करा, रूळ तिच्यावर उचलून घ्या आणि पुढची जमीन रुळाच्या खाली वीत-दीड वीत उतरू द्या. दरी खाली दिसली की घाट झाला. सपाट पाटावर डोंगर मांडला तर तो कितीही उंच केला तरी मांडलेलाच दिसतो.

फळीची उंची छातीपर्यंत, साधारण चार फूट ठेवा. त्याला एक खास भारतीय कारण आहे. एचओचा ट्रॅक १६.५ मिलिमीटर रुंद असतो आणि तो १४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजसाठी आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६, म्हणजे खरं तर १९.३ मिलिमीटर हवं. वरून किंवा समोरून बघितलं की गाडी अरुंद पायांवर उभी वाटते. बाजूने, डोळ्याच्या पातळीवर बघितलं की ते जाणवत नाही. स्वतः १९.३ चा ट्रॅक घालणारे लोक आहेत आणि मला त्यांचं फार कौतुक वाटतं, पण पहिल्या लेआउटला ती वाट धरू नका.

डबे उतरण्याकडे परत येतो, कारण मोठ्या कर्व्हवरही ते उतरू शकतात. आधी एवढंच बघा: एकाच जागी वेगवेगळे डबे उतरतात, की एकच डबा वेगवेगळ्या जागी? जागा ठरलेली असेल तर दोष रुळात. तिथे बोट फिरवा, जोडावर नखाला खाच लागेल. उजवा कर्व्ह संपल्या संपल्या डावा कर्व्ह सुरू होत असेल, तर मध्ये निदान एका डब्याएवढा सरळ रूळ घाला. एकच डबा सगळीकडे उतरत असेल तर तो उलटा करा आणि चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर कॅलिपरने मोजा. १४.४ ते १४.६ मिलिमीटर हवं, कमी-जास्त असेल तर चाक हलकेच पिळत सरकवा. मग डब्याचं वजन करा. अमेरिकन मॉडेलर्सच्या संघटनेचं एचओसाठीचं जे प्रमाण आहे, त्यानुसार २४५ मिलिमीटरच्या डब्याला सुमारे १६५ ग्रॅम लागतात. स्वस्त डबे त्याहून बरेच हलके असतात. लोखंडी वॉशर डब्याच्या तळाशी, दोन्ही टोकांच्या चाकांच्या संचांच्या मध्ये चिकटवा. वर चिकटवलेत तर डबा डुलेल.

घाट म्हटला की मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारं जादा इंजिन, लावायचा मोह होणारच, कर्जतला गाडीला बँकर लागताना आपण सगळ्यांनी खिडकीतून वाकून पाहिलेले असतात. पण मागून ढकलताना हलके डबे मधल्यामध्ये बाहेर फेकले जातात. वजन आणि कर्व्ह दोन्ही नीट झाल्याशिवाय बँकर लावू नका. साध्या डीसीवर दोन इंजिनांचा वेग क्वचितच जुळतो, त्यासाठी डीसीसी ही डिजिटल पद्धत लागते, जिच्यात प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र नंबर असतो आणि वेग जुळवून घेता येतो.

इंजिन थांबण्याचं कारण बहुतेक वेळा वायरिंगचं असतं. तुम्ही ट्रान्सफॉर्मरपासून दोनच वायरी रुळाला जोडल्या असाव्यात आणि पुढची सगळी वीज रुळांचे तुकडे जोडणाऱ्या रेल जॉइनरमधून जाते. ठाण्याच्या दमट हवेत ते जॉइनर एका पावसाळ्यात काळे पडतात. फळीखालून दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या दोन वायरी शेवटपर्यंत न्या आणि दर मीटरला अर्ध्या स्क्वेअरच्या वायरीने रुळाला सोल्डर करून जोडा. रूळ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. पॉलिश पेपर कधीही वापरू नका, त्याच्या ओरखड्यांत घाण आणखी लवकर बसते. इंजिन पॉइंटवरच थांबत असेल तर पॉइंटचा मधला प्लास्टिकचा भाग बघा, त्यावर लहान इंजिनाला वीज मिळत नाही.

दमट हवेवरून एक सांगायलाच हवं. माझं पहिलं लेआउट डोंबिवलीत होतं, साध्या प्लायवर, खालून रंग न देता. मे महिन्यात रूळ अगदी टोकाला टोक भिडवून घातले. ऑगस्टमध्ये एका सकाळी पाहिलं तर फळीला बाक आला होता आणि सरळ लाइन सापासारखी वाकडी झाली होती. मला वाटलं रूळ उन्हाने वाढले. नंतर हिशेब केला: तीन मीटर रूळ वीस अंशांच्या फरकाने जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. सगळा खेळ लाकडाचा होता, त्याने पावसाचं पाणी प्यालं होतं. आता मी पाण्याला टिकणारं, बीडब्ल्यूआर ग्रेडचं बारा मिलिमीटर प्लाय घेतो, सहाही बाजूंना रंग देतो, कापलेल्या कडांना दोन हात आणि दर मीटरला एका जोडात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवतो. रूळ पावसाळ्यात घालत नाही.

इथपर्यंत झालं तर गाडी चालेल: छोटी गाडी, मोठा कर्व्ह, वजनदार डबे, जागोजागी वीज, रंगवलेलं लाकूड. महिनाभर अशीच उघड्या लाकडावर चालवा. डोंगर झाल्यावर बोगद्यातला दोष काढायला हात पोचत नाही. बोगद्याची रुंदी ठरवताना सर्वात लांब डब्याच्या मध्याला आणि दोन्ही टोकांना पेन्सिली चिकटवा, खाली कागद ठेवा आणि डबा हाताने कर्व्हवरून ढकला. पेन्सिलींच्या रेषांबाहेर पाच मिलिमीटर सोडून भिंत उभारा. बोगद्याची मागची बाजू नेहमी उघडी ठेवा.

आता डोंगर. परदेशी व्हिडिओंत चुरगळलेली अॅल्युमिनियम फॉइल प्लास्टरवर दाबून कातळ करतात. ते त्यांच्याकडच्या डोंगरांना शोभतं. सह्याद्रीचा कडा तसा नसतो. खंडाळ्याला ड्यूक्स नोजकडे तोंड करून उभे राहा: उभा काळा कडा, मग हिरवा आडवा पट्टा, परत कडा, परत पट्टा. कठीण थर उभा राहतो, मऊ थर झिजून त्याची पायरी होते आणि पायरीवर माती साठून गवत येतं. म्हणून थरांवर थर रचणं हीच आपल्या डोंगराची खरी पद्धत आहे. दिवाळीत किल्ला केलेल्या हातांना ती अर्धी येतेच. फ्रिज-टीव्हीच्या पॅकिंगमधलं थर्माकोल किंवा मिळाल्यास एक्सपीएस, म्हणजे दाट फोमची शीट घ्या. जाडी मुद्दाम कमी-जास्त ठेवा, २५, ४०, परत २५ मिलिमीटर. प्रत्येक वरचा थर थोडा मागे घेऊन फेविकॉलने चिकटवा आणि एक रात्र वजनाखाली ठेवा. मग पुढची कड सुरीने कापण्याऐवजी बोटांनी मोडा. मोडलेल्या कडेला उभ्या भेगा मिळतात आणि बेसाल्ट तसाच उभा फुटतो. वरून फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू पेपर फक्त पायऱ्यांवर लावा, कड्यावर पुट्टीचा पातळ हात द्या. स्प्रे पेंट थर्माकोलवर मारू नका, ते वितळतं.

रंग काळा घेऊ नका. सगळ्यात जास्त चूक इथे होते. आधी गडद तपकिरी, तो वाळल्यावर गडद राखाडी असा, की भेगांत तपकिरी राहील. मग कोरड्या ब्रशने फिका राखाडी फक्त उठावांवर. दोन थरांच्या मध्ये एखादी अंगठ्याएवढी विटकरी पट्टी ओढा. लाव्हाच्या दोन थरांमध्ये अशी लाल माती खरोखर भाजून अडकलेली असते, घाटात कापलेल्या कड्यांवर ती दिसते. ही एक पट्टी ओढली त्या दिवशी माझा डोंगर सह्याद्रीचा झाला, असं मला आजही वाटतं.

रंगवण्याआधी ऋतू ठरवा. जुलै हवा असेल तर हिरवा गच्च, कडे ओले, धबधबे. एप्रिल हवा असेल तर गवत पिवळं-सोनेरी आणि कारवीच्या नुसत्या काड्या. मी जानेवारी निवडला, कारण त्याला नारळाचा काथ्या पुरतो. काथ्या पाऊण सेंटिमीटर कापून झुबक्यांनी उभा लावायचा. झाडांवर फार खर्च करू नका, पहिली दहा झाडं नीट करून पुढे लावा, मागे स्पंजचा चुरा चालतो. वापरलेला चहा, लाकडाचा भुसा वगैरे काही घातलंत तर आधी कढईत कोरडा भाजा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते.

खडीसाठी कुठलंही पुडकं विकत आणायची गरज नाही. क्रश सँड आणा, धुऊन वाळवा, आधी चहाच्या गाळणीने आणि मग मैद्याच्या चाळणीने चाळा. दोन्हींच्या मधलं जे राहतं ते एचओची खडी. पण एक काम चुकवू नका: ती कागदावर पसरा आणि पिशवीत गुंडाळलेलं चुंबक त्यावरून फिरवा. आपल्या काळ्या दगडात लोहाचे कण असतात, चुंबकाला काळी मिशी येते. ते कण रुळावर राहिले तर मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि इंजिन आतून खरवडलं जातं. खडी ब्रशने बसवल्यावर साबणाचा थेंब घातलेलं पाणी फवारा, मग एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी ड्रॉपरने सोडा. पॉइंटच्या हलत्या जिभांपाशी कोरडीच ठेवा. वाळल्यावर रुळांच्या बाजूंना आणि मधल्या खडीला तपकिरी गंजाचा पातळ हात द्या. घाटात ब्रेकची धूळ बसून ट्रॅक तसाच दिसतो.

या शनिवारी काही विकत आणू नका. जुने पेपर चिकटवून अकरा फुटांची पट्टी करा, भिंतीपाशी जमिनीवर अंथरा, त्यावर ७५० मिलिमीटरची दोरी धरून कोपऱ्यातला कर्व्ह काढा आणि तुमचे डबे त्यावर नुसते ठेवून आडवं पडून बघा. मग खोलीची मापं, दार कुठल्या बाजूला उघडतं आणि खिडकीचा उंबरठा जमिनीपासून किती उंच आहे, एवढं कळवा. कॅच साईडिंग कुठल्या टोकाला घ्यायची ते त्यावरून सांगतो.